वायर काढल्यावर आलेला आवाज

मित्रांनो, दुपारपासून अंगावर काटा आहे, म्हणून लिहितोय.

आपल्या भिसेगावच्या इंटरनेट रेडिओसाठी आज दोन ओपन सोर्स सॉफ्टवेअर तपासत होतो. माइकची जोडणी तुटली की पहिलं गप्प बसतं. दुसरं आपणहून लॅपटॉपमधलं एखादं रेकॉर्डिंग वाजवतं म्हणे. बघू या, म्हणून मी माइकची वायर काढली.

क्षणभर शांतता. मग, "हॅलो, येतोय का आवाज?"

विलासदादा! रेडिओची कल्पना त्याचीच. गेल्या वर्षी तो वारला. लॅपटॉप त्याचाच, टेस्टिंगचं जुनं रेकॉर्डिंग त्यात राहिलेलं, हे मागाहून कळलं. तेव्हा मात्र ते संपेपर्यंत ऐकलं आणि मगच वायर परत लावली.

तेवढ्यात कडावहून वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन आला. आवाज पोचतो का बघायला मीच त्यांना लिंक पाठवली होती.

"भावजी, हे बोलले ना आता?"

मी चाचरत खरं ते सांगितलं. वाटलं, रडतील.

"मी 'येतोय' म्हणाले," त्या हळूच बोलल्या, "तर हे 'बरं' म्हणाले. ती वायर परत काढा ना."

मी काढली.

सॉफ्टवेअर ते रेकॉर्डिंग वाजवणारंच घेतोय. पण दादाचं ते रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये राहू द्यावं का? तुम्ही काय केलं असतं?