घर कुणाचं?

चिमाजीनं दुसरी बायको केली, तेव्हा भागूबाई रानात नाचणी खुरपत होती. संध्याकाळी घरी आली, तर तिची भांडी अंगणात आणि नवी नवरी चुलीपुढं. चिमाजी म्हणाला, "पोर न्हाई झालं तुला. गोठ्यात ऱ्हा."

भागूबाई गोठ्यात राहिली नाही. माहेराहून आलेलं जातं तिनं दोन खेपांत डोक्यावरून हिर्डोशीच्या वेशीपाशी नेलं, कुडाचं खोपट घातलं आणि लोकांची दळणं दळू लागली. रोज पहाटे तिचा आवाज वर चढायचा:

दाणं माजं, दळण माजं,
माज्या हाताला घट्टं गं
लिपलं म्या, सारवलं म्या,
घर कुणाचं सांग गं?

भावकीतला म्हातारा गेनबा समजावायला आला. "घरातलं गाऱ्हाणं वेशीवर कशाला मांडतीस?"

"जमीन त्यांच्या नावावर हाय आबा, माजा गळा न्हाई."

पुढं वरंध्याकडच्या जत्रेला जाताना भोरची नावाजलेली गायिका चंद्राबाई हिची बैलगाडी तिथं थांबली. गाडीचा कणा मोडला होता. तो दुरुस्त होईस्तोवर ती खोपटाबाहेर बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, हे गाणं मला द्याल?"

"घ्या की. पर हाय तसंच म्हना."

चंद्राबाईचा पेटीवाला मध्येच बोलला, "शेवटी 'घर देवाचं' असं जोडू. लोकांना गोड वाटेल."

भागूबाई जात्यावरून उठलीच. "देवानं माजी भांडी भाईर न्हाई टाकली!"

चंद्राबाई हसली नाही. तिनं पेटीवाल्याला गप्प बसवलं आणि ते गाणं शब्दही न बदलता भोरच्या बैठकीत म्हटलं. पुढल्या बाजूला बसलेली मंडळी चुळबुळली, दोघं उठून गेले. बाया मात्र दाराआडून सरकत सरकत पुढं आल्या. वर्षभरात त्याची ग्रामोफोनची तबकडी निघाली. शिरवळपासून वेल्ह्यापर्यंत खुरपणीला, लावणीला बाया तेच म्हणू लागल्या.

मग एक दिवस चिमाजी खोपटाशी आला. कैक वर्षांनी.

"माजी अब्रू चालली. बाजारात लोक हसत्यात. त्या बाईला सांग, गाणं बंद कर म्हनावं."

भागूबाईनं सुपातली नाचणी पाखडली. कोंडा वाऱ्यावर उडाला.

"गान्यात तुमचं नाव हाय?"

"न्हाई."

"मंग तुमास्नी का टोचतंय?"

चिमाजी पायवाटेला लागला. भागूबाईनं पुढचं सूप भरलं.