केबिनबाहेरची भिंत

नवे साहेब सोमवारी रुजू होणार, म्हणून आठवडाभर आमची कचेरी सजते आहे. साहेब फोनवरून फर्मानं सोडतात आणि हेडक्लार्क म्हणून मी ती झेलतो. टेबल पूर्वेला फिरवा, खुर्चीवर नवा पांढरा टॉवेल टाका, बंगल्यात दोन गीझर बसवा. मागच्या साहेबांनी हेच टेबल उत्तरेला फिरवलं होतं. त्यांचं भलं झालं; लोकांची कामं तेवढी राहिली.

आज रंगारी केबिनबाहेर थबकला. तिथे भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट, काळपट पट्टा आहे. भेटीसाठी तासन्‌तास ताटकळणारी माणसं तिथे डोकं टेकतात. दर नव्या साहेबासाठी आम्ही तो पांढऱ्या रंगाखाली झाकतो आणि महिन्याभरात तो परत उमटतो.

"भाऊसाहेब, इथं एक बाक टाका की," रंगारी मला म्हणाला.

मी साहेबांना फोन लावला.

"बाक टाकला की लोक बसून राहतात हो," साहेब म्हणाले. "त्यापेक्षा गडद रंग द्या. डाग दिसणार नाही."

मी "होय सर" म्हणालो आणि चॉकलेटी रंगाचा डबा मागवला. या कचेरीत खरं बोलणारी ती एक भिंत होती. आता तीही माझ्यासारखी झाली.