पन्नाशीची स्टाफरूम

आमच्या जामबागच्या शाळेत शिक्षिका सहा. त्यातल्या पाच जणींची पाळी गेलेली, नाहीतर जायच्या बेतात. मग किस्से साचणार नाहीत तर काय होईल! आम्ही हसून घेतो. एक सुनंदा तेवढी हसायची नाही. आपलं डोकंच कामातून चाललंय, अशी धास्ती तिने घेतली होती.

*

डिसेंबरातसुद्धा आमचा पंखा पाचवर. सहावी प्रणिता, वय सव्वीस, शाल गुंडाळून वह्या तपासते. एकदा बिचारीने पंखा बंद केला. पाच माना एकदम वर!

"सर्दी झालीय हो मॅडम!"

"सर्दी चार दिवसांत जाते," इतिहासाची रेखा पदराने वारा घेत म्हणाली. "आमच्या गरमीला दोन वर्षं झाली, जायचं नाव नाही!"

प्रणिताने निमूट बटण दाबलं.

*

याच रेखाची छाती मधूनच धडधडायची. आपण आता काही वाचत नाही, असं ठरवून बाईने चार भारी साड्या बहिणींना वाटून टाकल्या आणि मग दिलसुखनगरला जाऊन ईसीजी काढला. ईसीजी साफ! डॉक्टर म्हणाले, पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की असं होऊ शकतं, पण तपासून घेतलंत ते बरं केलंत.

"आता साड्या माग की परत," मी म्हटलं.

"मागायचं मनात आलं की परत धडधडतं गं!"

*

पीटीच्या शारदाबाई पोरींवर "पाय उचला!" म्हणून ओरडता ओरडता स्वतःच घसरल्या. एका पायरीवरून! मनगट मोडलं. पाळी जाऊन आठ वर्षं झालीत, हाडं विरळ झालीत, असं हाडांच्या डॉक्टरने सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर गोळ्या आणि व्यायाम सुरू झाला. बाई मैदानातच उठाबशा काढतात आणि पोरी मोजतात.

"बाई, ही नाही धरणार! पूर्ण वाकला नाहीत!"

इतक्या वर्षांचा सूड आहे तो.

*

आता सुनंदा. चोवीस वर्षं गणित शिकवतेय. एक दिवस फळ्यावर त्रिकोण काढला आणि 'कर्ण' हा शब्दच आठवेना. पोरींनी सांगितला. मग चाव्या हरवायला लागल्या, नावं विसरायला लागली. तिच्या आईला शेवटी लेकीचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. सुनंदाला तेच दिसायला लागलं.

"पोरींचं नुकसान नको," म्हणाली. शुक्रवारी सकाळी राजीनामा लिहिला. हेडमास्तर बाहेरगावी होते, म्हणून त्यांच्या टेबलावर लिफाफा ठेवला. नववीच्या चाचणीचा पेपर दुसऱ्या लिफाफ्यात घालून झेरॉक्सला पाठवला. हे सगळं केल्यावर मला सांगितलं! असा संताप आला मला. शनिवारी हाताला धरून नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"झोप कैसी है अम्मा?" त्यांनी विचारलं.

झोप कसली? पाच महिने रात्री चारदा घामाने भिजून उठत होती. आम्हालाही बोलली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लिहून दिलं, आठवणीचे प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा. सुनंदा सुटली ती थेट दोनपर्यंत! मध्येच "बस अम्मा, बस!" म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण?

"मां की बीमारी नहीं लगती ये," त्या म्हणाल्या. "इस्ट्रोजेन उतर रहा, नींद नहीं हो रही. इतने में कोई भी भूलेगा. इलाज है."

जिन्यातच बसून सुनंदा ढसाढसा रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू? मग एकदम उठून म्हणाली, "अगं, राजीनामा!"

सोमवारी शाळा भरायच्या आधीच आम्ही हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात हजर. सर, तो लिफाफा परत द्या, असं सुनंदाने हात जोडून सांगितलं.

"परत कशाला? आत्ताच वाचला मी," सर म्हणाले. "छान काढलाय. फक्त चौथा प्रश्न नववीला जड जाईल."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तेवढ्यात कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला भलामोठा गठ्ठा घेऊन दारात आला.

"म्याडम, साठ कापियां रेडी हैं," तो म्हणाला. "पन एक बात पूछूं? सब टीचरां एकदम नौकरी छोड़को जारै क्या?"