तिरोबाचा पाहुणा

आमच्या बेतिओ बेटावर माड लावायचा म्हणजे खड्डा खणायचा, आणि खड्डा खणला की माणूस निघायचा. जपानी आणि अमेरिकनांची लढाई होऊन दोन वर्षं उलटली तरी हेच चाललं होतं. या चिमूटभर बेटावर तीन-चार दिवसांत सहा हजारांच्या आसपास माणसं मेली आणि वाळूनं त्यांना जमेल तसं पोटात घेतलं. धड शेंड्याचा माड शोधून सापडत नव्हता. त्यामुळे तिरोबा, ज्याचं अर्धं आयुष्य माडी काढत झाडाच्या टोकावर गेलं, तो आता दिवसभर जमीन उकरत होता. देवाची थट्टा, दुसरं काय!

आठव्या खड्ड्यात त्याला एक कवटी मिळाली. नुसतीच. ना टोप, ना बिल्ला. बाकीचे लोक अशी कवटी बाजूला सारून रोप लावत आणि पुढं जात. तिरोबानं ती समुद्रात धुतली, खोबरेल चोळलं आणि घरी आणून चटईच्या कोपऱ्यात बसवली. आमचे आजे-पणजे आपल्या गेलेल्या माणसांना असंच घरात ठेवत, तेल लावत, तोंडात तंबाखूचा धूर सोडत. पास्टरनं ते कधीचंच बंद पाडलं होतं, पण तिरोबाला पास्टरची भीती कधीच नव्हती.

"हे कोणाला आणलंत?" बायको काताबा म्हणाली.

"पाहुणा आहे."

"मग विचारा पाहुण्याला, जेवणार का. मासे दोनच आहेत."

"त्याचं धुरावर भागेल."

"बरा आहे की! तुमच्यापेक्षा परवडला."

ती हसली खरी, पण जवळ जाऊन कवटीकडे बराच वेळ बघत राहिली. मग चुलीशी गेली.

तिरोबाला एक धाकटा भाऊ होता, नाउन्ता. जपान्यांनी बेतिओचं गाव उठवून शेजारच्या बेटांवर धाडलं तेव्हा त्याला हमालीसाठी मागं ठेवून घेतलं. पुढं काय झालं याच्या दोन गोष्टी होत्या. कोणी म्हणे, लढाईच्या दिवशी तो खंदकातच होता. कोणी म्हणे, महिनाभर आधी त्याला जहाजात घालून उत्तरेकडे नेलं. तिरोबानं दुसरी गोष्ट उचलली आणि कोणाचं काही ऐकून घेतलं नाही.

अमेरिकन छावणीत तो सामान वाहायला जाई, ते बातमीसाठी. लढाई आता कुठं आहे? खलाशी वाळूत बेटं काढून दाखवत. मिडवे आणि ग्वादालकनालच्या लढायाही ते हातवारे करून रंगवत, पण त्या नाउन्ताला नेण्याच्या आधीच्या, म्हणून तिरोबा तेव्हा जांभया देई. पुढची नावं मात्र तो तोंडात घोळवत घरी येई आणि दुपारचा सावलीला आडवा होई. मग स्वप्नात नाउन्ता यायचा.

क्वाजालीन बेट पडलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता. साइपानला ऊस असतो असं खलाशी म्हणाले होते. तिरोबानं ऊस कधी पाहिला नव्हता, म्हणून स्वप्नातला ऊस माडाएवढा उंच झाला आणि नाउन्ता त्याच्या शेंड्यावर पाय हलवत बसला. लेइतेच्या समुद्रात मोठमोठी जहाजं सावकाश खाली येत होती आणि हा पठ्ठ्या तळाशी बसून गळाला दोरी बांधत होता, जसं काही आपल्या अंगणातच. ओकिनावाला तो नुसता चालत होता, पाठमोरा. हाक मारली तर हात वर केला, पण वळला नाही. युद्ध संपलं आणि नवी नावं यायची थांबली.

आता ही सगळी स्वप्नं तिरोबा पाहुण्याला सांगू लागला. रोज सकाळी तेल, धूर, मग गप्पा. फक्त तो त्याच्या दातांकडे बघत नसे. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. नाउन्ताचेही तसेच होते. पण तसे तर पास्टरचेही होते!

पाच महिन्यांनी आपली मेलेली माणसं गोळा करायला अमेरिकनांची एक तुकडी आली. ते घरोघर फिरले. तिरोबाच्या दाराशी आलेला साहेब पोरसवदा होता, त्यानं टोपी काढली. दुभाष्या आमच्यातलाच.

"तिरोबादादा, साहेब विचारतोय, हा कोण? घरचं माणूस असेल तर आम्ही हात लावणार नाही. तेवढं तोंडानं सांगा. नसेल तर न्यावं लागेल."

काताबा नवऱ्याच्या कानाशी लागली. "सांगा ना. भाऊ म्हणा. अहो, दात बघा त्याचे. मी पहिल्याच दिवशी पाहिलेत."

तिरोबाचे ओठ हलले. साहेब थांबला होता, त्याला घाई नव्हती.

"माझा कोणी नाही हा," तिरोबा म्हणाला.

त्यांनी कवटी कापडी पिशवीत ठेवली, तोंड बांधलं, वर आकड्याची चिठ्ठी लावली. ते वळले तेव्हा तिरोबा दोन पावलं त्यांच्या मागं धावला. "त्याला सकाळी धूर लागतो," तो म्हणाला. दुभाष्यानं ते साहेबाला सांगितलं की नाही, कळलं नाही.

काताबा दारात उभी होती. "असं कसं दिलंत? भाऊजी असले तर?"

"म्हणून तर."

"काय म्हणून तर?"

"मी हो म्हटलं असतं, तर तो मेला असता, काताबा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या चटईकडे, आणि ती मोठ्यानं रडायला लागली, घरातलं माणूस गेल्यावर आमच्या बायका रडतात तशी. तिरोबा तिच्यावर खेकसला.

"गप्प बस. लोकांना वाटेल, आपल्याकडे कोणी गेलं."