एका हातात मावेल असा

लातूरच्या दुकानात मी लॅपटॉप बघत होतो. शेजारी एक म्हातारे बाबा, क्लाससाठी इथं राहणाऱ्या नातीला लॅपटॉप घ्यायला आलेले. नातीची नजर सतरा इंची पडद्याच्या लॅपटॉपवर होती. बाबांनी तो उजव्या हातात उचलला आणि तरातरा दारापर्यंत चालून आले. डावा हात मात्र कुणाचं तरी बोट धरल्यासारखा मिटलेला. मान हलवून त्यांनी तो ठेवला, चौदा इंची घेऊन तसेच चालून आले.

"ह्यो द्या. अक्षरं बारीक हायेत, पर साफ हायेत."

दुकानदार हसला. "पळून कुठं जायचं हाय का, बाबा?"

"भूकंपात पळालोय की. वझं एका हातात मावाय पाहिजे. दुसऱ्या हातात माणूस धरावं लागतं."

मी सतरा इंचीच घेतला. पायऱ्या उतरताना लक्षात आलं, तो मी दोन्ही हातांनी धरला होता.