कॅमेऱ्याच्या खोलीतली चोरी

पांढुर्ण्यातली ती चोरी अजून माझ्या मनातून जात नाही. माझ्या पोलीस नोकरीचे शेवटचे वर्ष होते. मध्य प्रदेशातला पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता आणि शहर स्मार्ट करायचे वारे वाहत होते. चौकाचौकांत कॅमेरे लागले. त्यांचे पडदे बसस्टँडजवळच्या एका भाड्याच्या खोलीत होते. एका दुपारी ऑपरेटर जेवायला गेला आणि चित्रण साठवणारा डबाच कोणीतरी तारा उपसून नेला.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. ऑपरेटरने दार नुसते ओढून घेतले होते, त्यामुळे कुलूप शाबूत होते. त्या डब्यात संत्रा मंडीतल्या एका मारहाणीचे चित्रण होते आणि जखमी माणूस नागपूरला दवाखान्यात पडून होता. आरोपींनीच पुरावा उडवला, असे आम्ही धरून चाललो. त्यांची कसून विचारपूस केली. डबा गेल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, पण ती खोली कुठे आहे हेही त्यांना धड सांगता येईना. खोटे बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो. यांच्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

मग एका चहावाल्याने खबर दिली. त्या दुपारी एक म्हातारा लाल लुगड्यात काहीतरी जड गुंडाळून सायकलवर नेताना दिसला होता. मी ऑपरेटरला पुन्हा समोर बसवले. तो खाली पाहू लागला.

"साहेब, थे काका रोज येत होते. त्यांची बाई हरवली न. चौकातून जाताना दिसते, थे पाहाले येत. मी दाखवून देत होतो. परवा सांगितलं, काका, आता नाही दिसन. महिना झाला का जुनं आपोआप पुसल्या जाते."

त्या बाईची, म्हणजे म्हाताऱ्याच्या बायकोची, हरवल्याची नोंद आमच्याच ठाण्यात होती. तिला विसर पडायचा आजार होता. घरातून निघाली ती शेवटची त्या चौकात दिसली. पुढे तिगावच्या रस्त्याला कॅमेराच नव्हता. स्टेशने, दवाखाने, जामसांवलीचे मंदिर, सगळीकडे शोध घेऊन झाला होता.

म्हातारा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेला. मूलबाळ नाही. आम्हाला पाहताच त्याने स्वतःच कपाट उघडले. डबा लुगड्यात तसाच होता, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. घरात कॉम्प्युटर नव्हता. टीव्ही होता, तोही बंद पडलेला.

"काका, हे इथं लावून पाहता तरी येणार होतं का?" मी विचारले.

"पाहाले नाही आणलं, साहेब. थे अंदर आहे न. पुसू नये म्हणून आणलं."

माझ्यासोबतचा शिपाई दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी जप्ती लिहून घेतली.

डब्यातले चित्रण शाबूत निघाले आणि मारहाणीचा खटला उभा राहिला. म्हाताऱ्यालाही कोर्टात उभे राहावे लागले. वय आणि कारण पाहून न्यायाधीशांनी त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. त्याच डब्यातून बाईचे चित्रण तपासासाठी वेगळे काढले. न्यायालयाच्या परवानगीने त्याची एक प्रत आम्ही म्हाताऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. बाई मात्र सापडली नाही.

निवृत्तीनंतर मी सौसरला राहतो. पत्नी गेल्यापासून एकटाच असतो. एकदा पांढुर्ण्याला काम निघाले तेव्हा त्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने चहा केला. मग मी विचारले, "पाहता का ते?"

"रोज पाह्यतो. पण पुरं नाही पाहत. थे पानठेल्यापाशी पोहोचली का बंद करून देतो. त्याच्यापुढं थे निघून जाते."

आम्ही पोलिसांनी ते चित्रण कितीदा पाहिले, पण दर वेळी शेवटचा तुकडा. ती कोणत्या बाजूला वळली, एवढेच आम्हाला हवे होते. त्याआधी ती चौकभर चालत येते, एकदा थांबते, पदर सावरते. ते आमच्यापैकी कोणीच कधी नीट पाहिले नव्हते. हरवलेल्या माणसाचा शोध घेणे आणि त्याच्यावाचून दिवस काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यातले पहिलेच मला नोकरीने शिकवले.