तेल चालू इंजिनात बघायचं

दुपारचं जेवण उरकून हेमलता आजरेकर जरा पाठ टेकते. डोळे मिटतात, तरी डोक्यात गाडीच घोळत राहते. गाडी पंचवीस वर्षांची, ऑटोमॅटिक. तिच्या नवऱ्यानं, रघुवीररावांनी, ती मुद्दाम शोधून घेतली होती. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय लुळा पडलेला, क्लच दाबता येत नसे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. उद्या हेमलताला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचंय, आठव्या महिन्यातल्या लेकीला, मृदुलाला, बाळंतपणासाठी कराडला आणायचंय. आणि गेले आठ दिवस गाडी गिअर उशिरा घेते, मग हिसका देते. भाड्याची गाडी कर, असं मृदुला दोनदा म्हणाली. हेमलतानं मनावर घेतलं नाही. सकाळी भाजीला निघण्याआधी तिनं गिअरच्या तेलाची डिपस्टिक काढून पाहिली होती. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं. मग हिसका कशाचा?

पंख्याची घरघर इंजिनासारखी ऐकू येऊ लागते. ती कूस बदलते, तर खाली पार्किंगमध्ये उभी असते. रघुवीरराव उघड्या बॉनेटवर वाकलेत, एक हात डाव्या मांडीवर रेटलेला. ते गेलेत हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण त्याचं काही वाटत नाही.

तेल बघितलंय, बरोबर आहे, असं ती सांगते. कधी बघितलंस, ते विचारतात. सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, म्हटल्यावर मान हलवतात.

"ते इंजिन ऑइलचं झालं. गिअरचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना बघायचं. बंद असलं की सगळं खाली उतरतं, मग कमी असलं तरी भरलेलं दिसतं."

मग त्यांना तिथला उतार खटकतो. जागा सपाट हवी, म्हणतात. आणि गाडी ते शिकवायचे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभी असते, लांब टेबलांच्या मधोमध. फळ्यावर त्यांचं अक्षर आहे, पण तिला ते लागत नाही. रघुवीरराव नेहमीसारखी सीट पार मागं ढकलून गाडीत बसतात आणि इंजिन सुरू करतात. ते पुरतं तापू देतात. मग ते ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका गिअरवर सावकाश नेतात आणि परत 'पी'वर, पार्किंगवर, आणतात. आता काढ, म्हणतात. ती डिपस्टिक ओढते, पुसते, पुन्हा घालून काढते. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलंय. रंग मात्र लाल आहे, जळका वास नाही.

"म्हणजे नुसतं कमी आहे. थोडं थोडं घाल, दर वेळी बघून. जास्त झालं तरी वाईटच."

ती मान वर करते तर दवाखान्याचा व्हरांडा. ते गेले त्या सकाळचा. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी दारात उभी होती आणि तिला ती चालवता येत नव्हती. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. ते गेल्यावर महिन्याभरातच ती गाडी शिकली. पण एक प्रश्न तिनं आजवर कुणापाशीच काढलेला नाही.

"मला का नाही शिकवलीत?"

ते तिच्या हातातली डिपस्टिक घेऊन पुसतात.

"रस्त्यानं चालताना तू नेहमी माझ्यासाठी थांबायचीस, हेमा. गाडीत मी तुला नेत होतो, तेवढं थांबावं लागत नव्हतं. ते मला सोडवेना."

असू द्या, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर येतं. पण म्हणताना तिच्याकडून विचारलं जातं की घाट उतरताना दांडा कुठं ठेवू.

"दोनवर. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उतरू नकोस."

तिला जाग येते तेव्हा चार वाजत आलेत. ती तोंडावर पाणी मारते, किल्ली घेते आणि खाली जाते. दार उघडून बसते, ब्रेकवर पाय ठेवायला जाते, तर पाय पोचतच नाही.

सीट पार मागं सरकलेली आहे, शेवटच्या खाचेपर्यंत. हेमलता जेमतेम पाच फूट, सीट अगदी पुढं घेतल्याखेरीज तिला गाडी चालवताच येत नाही. सकाळी भाजी घेऊन तीच आली होती, आणि दुसरी किल्ली या घरात नाही.

ती सीट पुढं ओढत नाही. काठावर सरकून बसते, पाय लांबवून ब्रेक दाबते आणि इंजिन सुरू करते. ते गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतील.